पात्रयोजना (वऱ्हाड)

पात्रयोजना म्हणजे नाटक, लोकनाट्य किंवा भूमिकाखेळ करणाऱ्या गटात कोणती भूमिका कोणी करायची याविषयीचा निर्णय, आणि त्या निर्णयातून खेळणारा व त्याचे पात्र यांच्यात जुळणारा किंवा न जुळणारा मेळ. जुन्या नाटक मंडळ्यांत यालाच ‘पार्ट वाटणे’ म्हणत. हा मेळ सामान्यतः एक नट आणि एक भूमिका यांच्यापुरता मानला जातो. प्रत्यक्षात तो संपूर्ण गटावर अवलंबून असतो. भूमिकेला शोभणारा नट मिळाला, तरी त्याच्यासमोर उभा राहणारा नट तोडीचा नसेल तर प्रयोग लंगडा पडतो.

वऱ्हाडचा, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या जिल्ह्यांचा, मराठी रंगभूमीशी जुना संबंध आहे. १९०५ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष अमरावतीचे वकील व पुढारी गणेश श्रीकृष्ण तथा दादासाहेब खापर्डे (१८५४–१९३८) हे होते. अकोला व परिसरात वकिली करणारे नाटककार श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, अमरावतीचे नाटककार वीर वामनराव जोशी आणि अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे जन्मलेले गायक-नट वसंतराव देशपांडे यांच्या कारकिर्दींत पात्रयोजनेचा प्रश्न तीन वेगवेगळ्या रूपांत दिसतो.

लोकनाट्यातील पात्रयोजना

विदर्भात खडीगंमत हा लोकनाट्यप्रकार प्रचलित आहे. तमाशाशी त्याचे जवळचे नाते असून कलावंत उभ्याने सादरीकरण करतात, यावरून त्याला हे नाव पडले असे मानले जाते. शाहीर, त्याचे साथीदार, ढोलकी, डफ, तुणतुणे आणि स्त्रीवेष घेतलेला नाच्या एवढ्या सामग्रीवर खेळ उभा राहतो. कलगी आणि तुरा या दोन पक्षांच्या शाहिरांमधील सवाल-जवाब हे या परंपरेचे मोठे आकर्षण होय. तुरेवाले शिवाचे आणि कलगीवाले शक्तीचे श्रेष्ठत्व मांडतात. म्हणजे शाहिराने गाण्यासाठी तोंड उघडण्यापूर्वीच त्याची भूमिका, आणि तिला विरोध करणारी भूमिकाही, ठरलेली असते.

अशा गटात माणसे थोडी आणि सोंगे फार असतात. एकच गडी राजा होतो, चोपदार होतो आणि गरज पडली तर सावकारही होतो. वगातील संवाद परंपरेने लिहिलेले नसत. कथेचा सांगाडा सर्वांना ठाऊक असे आणि बोलणे जागेवर सुचेल तसे होई. त्यामुळे येथे पात्रयोजनेचा निकष चेहरामोहऱ्यापेक्षा तोंडाचा, म्हणजे हजरजबाबीपणाचा असतो. ज्याला उत्तर लगेच सुचते त्याच्याकडे सोंगाड्याचे काम जाते. ज्याचा आवाज दूरवर पोचतो तो राजा होतो. नाच्याच्या कामाला मात्र अंगकाठी, चाल आणि आवाज या तिन्ही गोष्टी लागतात. त्याचा वेष उतरला तरी गावाची नजर उतरत नाही, हा या परंपरेचा दुःखद भाग आहे. त्याविषयी पुढे ‘भूमिका चिकटणे’ या विभागात लिहिले आहे.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि किर्लोस्कर मंडळी

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांचा जन्म नागपूरचा. त्यांची वकिली आणि लेखन यांचा मोठा काळ अकोला, खामगाव व जळगाव (जामोद) या वऱ्हाडातील गावांत गेला. त्यांचे ‘वीरतनय’ हे नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीने १८९६ मध्ये रंगभूमीवर आणले. पारशी रंगभूमीवरील चालींचा वापर हे त्याचे वैशिष्ट्य मानले जाते. पात्रयोजनेच्या दृष्टीनेही ते महत्त्वाचे आहे. त्यातील शूरसेन ही नायकाची भूमिका भाऊराव कोल्हटकर (१८६३–१९०१) यांनी केली.

भाऊराव १८८२ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले ते स्त्रीपार्टासाठी. शकुंतला आणि ‘सौभद्र’मधील सुभद्रा या भूमिकांनी त्यांना कीर्ती मिळाली. वय वाढले तसे स्त्रीवेषात दिसणे कठीण होत गेले. आवाज मात्र पूर्वीइतकाच दमदार राहिला. मंडळीपुढचा प्रश्न सरळ होता. प्रेक्षक ज्याच्या गाण्यासाठी तिकीट काढतात त्या नटाला कोणत्या वेषात उभे करायचे? उत्तर नव्या नाटकांतून मिळाले. शूरसेन आणि पुढे देवलांच्या ‘शारदा’ नाटकातील कोदंड (१८९९) अशा पुरुष भूमिका भाऊरावांकडे आल्या, आणि गाण्याचे केंद्र नायिकेकडून नायकाकडे सरकले. नाटक नटाच्या मापाने बेतले जाण्याचे हे ठळक उदाहरण होय.

कोल्हटकरांच्या नाटकांतील पात्रे एकसारखी कोटिबाज बोलतात, असा आक्षेप समीक्षकांनी वारंवार घेतला आहे, आणि तो बऱ्याच अंशी खरा आहे. राजा, मित्र आणि दासी सारखेच चतुर बोलू लागले की त्यांच्यातील फरक दाखवण्याचे सगळे ओझे नटांवर पडते. तेच कोल्हटकर ‘सुदाम्याचे पोहे’ या विनोदी लेखमालेत सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या असे त्रिकूट उभे करतात आणि तेथे तिघांच्या मूर्खपणाच्या तीन जाती सहज ओळखता येतात. ज्याला रंगभूमीसाठी वेगळी माणसे घडवणे अवघड गेले त्याला गद्यात ते सहज जमावे, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे.

वीर वामनराव जोशी आणि दोन गायक-नट

वामन गोपाळ जोशी (१८८१–१९५६) हे अमरावतीचे पत्रकार, नाटककार आणि स्वातंत्र्यसैनिक. महाराष्ट्रात ते वीर वामनराव जोशी या नावाने ओळखले जातात. ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आणि ‘रणदुंदुभी’ ही त्यांची नाटके विशेष गाजली. दोन्हींमध्ये स्त्रीभूमिका पुरुष गायक-नटांनी केल्या, आणि दोन्ही वेळा निवडलेला नट नाजूकपणासाठी प्रसिद्ध नव्हता.

‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ ललितकलादर्श मंडळीने सादर केले. मृणालिनीची भूमिका मंडळीचे संस्थापक केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांनी केली. केशवराव बालवयातच ‘शारदा’च्या भूमिकेने नावारूपाला आले होते आणि १९०८ मध्ये त्यांनी हुबळी येथे स्वतःची मंडळी काढली. त्यांचा आवाज चढा, तेजस्वी आणि आक्रमक होता.

‘रणदुंदुभी’ १९२७ मध्ये बलवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. पदांना रामकृष्णबुवा वझे यांच्या चाली होत्या. पारतंत्र्याची चीड हा नाटकाचा मूळ स्वर असल्यामुळे त्यातील तेजस्विनीला प्रेमगीतांपेक्षा आवाहनाची पदे गायची होती. ही भूमिका मास्टर दीनानाथ मंगेशकर (१९००–१९४२) यांनी केली. दीनानाथांचे गाणे वेगवान ताना, अचानक झेप आणि पंजाबी वळणाच्या जागा यांसाठी प्रसिद्ध होते. त्या काळी स्त्रीभूमिकेचा आदर्श बालगंधर्वांनी घालून दिलेला होता: लाघवी, घरंदाज, आर्जवी. त्या आदर्शाच्या मापाने दीनानाथ कमी पडले असते. तेजस्विनीला मात्र आर्जव नको होते, त्वेष हवा होता. ‘स्त्रीपार्टाला योग्य नट’ अशी एकच जात नसून कोणत्या नाटकातील कोणती स्त्री, हे पाहावे लागते, हे या भूमिकेने दाखवून दिले. वामनरावांच्या राजकीय नाटकाला असा गळा मिळाला नसता, तर पदांचा परिणाम बराच सौम्य झाला असता असे म्हणता येते.

दोन तुल्यबळ नट समोरासमोर आले की काय होते, याचा दाखला वऱ्हाडाबाहेरचा असला तरी येथे आवश्यक आहे. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी. दोघेही आपापल्या मंडळीचे मालक आणि दोघेही स्त्रीभूमिकांतून मोठे झालेले. एकाने पुरुषवेष स्वीकारल्यामुळेच हा योग जुळला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवरावांचे निधन झाले.

१९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाट्यमन्वंतर संस्थेच्या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या आणि पुढे हीच रीत रूढ झाली. पात्रयोजनेतील एक मोठी अडचण त्यामुळे संपली, तसे एक कौशल्यही संपले.

वसंतराव देशपांडे आणि ‘कट्यार’चे खाँसाहेब

वसंतराव देशपांडे (१९२०–१९८३) यांचा जन्म मूर्तिजापूरचा. बालपण व संगीताचे पहिले शिक्षण नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे झाले. ‘कालियामर्दन’ (१९३५) या चित्रपटात त्यांनी बालकृष्णाची भूमिका केली होती. पुढे त्यांनी एकाच घराण्यात न राहता अनेक गुरूंकडून विद्या घेतली. लाहोरला असद अली खाँ यांच्याकडेही ते शिकले. दीनानाथ मंगेशकरांच्या गायकीचा त्यांच्यावर खोल प्रभाव होता. अमरावतीच्या नाटककाराने ज्या गळ्याला तेजस्विनी दिली, त्याच गळ्याचा संस्कार अशा रीतीने अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या गायकात पुढे चालला. वसंतरावांनी अनेक वर्षे लष्करी हिशेब खात्यात नोकरी केली. कोणत्याही एका घराण्याचा शिक्का नसल्यामुळे मैफलीच्या जगात त्यांना मान्यता उशिरा मिळाली.

डिसेंबर १९६७ मध्ये पुरुषोत्तम दारव्हेकर लिखित ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक रंगभूमीवर आले. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे होते. नाटकातील खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले हे श्रेष्ठ गायक आहेत, पण दरबारात वर्षानुवर्षे त्यांना पराभव पत्करावा लागतो. मान मिळतो तेव्हा तो निर्मळ मार्गाने आलेला नसतो. ही भूमिका वसंतरावांकडे गेली आणि ती त्यांची ओळख बनली.

या मेळाचे कारण बहुधा ‘गायकाने गायकाची भूमिका केली’ एवढेच सांगितले जाते. ते अपुरे आहे. उत्तम गायक त्या काळी इतरही होते. खाँसाहेबांच्या भूमिकेला उपेक्षेची जाण असलेला गायक हवा होता. ज्याच्या तानेत विद्येइतकीच ईर्ष्याही ऐकू येईल असा. वसंतरावांच्या गाण्यात ती धार होती. मात्र खाँसाहेब कपटाचा लाभ घेतात, अपमानाने पेटतात आणि शिष्याला नाकारतात. ही वृत्ती नटाची नव्हे, पात्राची. नटाचा अनुभव भूमिकेला दार उघडून देतो. आत गेल्यावर नटाला स्वतःपासून दूर जावेच लागते.

तरीही एकट्या वसंतरावांवर हे नाटक उभे राहिले नसते. नाटकाचा झगडा दोन घराण्यांचा आहे, तेव्हा दुसरे घराणेही ऐकणाऱ्याला तितकेच खरे वाटणे भाग होते. पंडितजींच्या भूमिकेत जुन्या संगीत रंगभूमीवर घडलेले भार्गवराम आचरेकर, सदाशिवच्या भूमिकेत प्रसाद सावकार आणि झरीनाच्या भूमिकेत फैयाज असे वेगवेगळ्या गळ्यांचे कलावंत जमले. नाटकात एकच पद दोन गायकींत, दोन निराळ्या चालींत येते. गायकींतील हा फरक कळावा म्हणून गाणाऱ्यांचा पिंडच निराळा असावा लागतो. एकाच वळणाचे दोन गायक घेतले असते तर कथेचा पायाच ढासळला असता. वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी पुढे हे नाटक नव्या संचात सादर केले. २०१५ च्या चित्रपटात खाँसाहेबांची भूमिका सचिन पिळगावकर यांनी आणि पंडितजींची शंकर महादेवन यांनी केली. तेथे अभिनेता आणि पार्श्वगायक वेगळे करता येत असल्यामुळे पात्रयोजनेची अटच बदलली होती.

बोली आणि भूमिका

वऱ्हाडी बोलीत ‘मला, तुला’ऐवजी ‘मले, तुले’, ‘ये, कर’ऐवजी ‘येजो, करजो’ आणि ‘जात आहे’ऐवजी ‘जाऊन राहिला’ अशी रूपे येतात. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीत निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद वऱ्हाडीत आहेत. वाचनात ही विभागणी खटकत नाही. रंगभूमीवर मात्र निवेदन नाहीसे होते आणि बोली थेट नटाच्या तोंडी येते. रूपे पाठ करून ती साधत नाही. हेल आणि शब्दांमधला आराम लागतो. एकाच घरातील बाप अस्सल वऱ्हाडीत आणि मुलगा शिकवलेल्या वऱ्हाडीत बोलू लागला, तर दोघेही चांगले नट असूनही ते बापलेक वाटत नाहीत. अमरावती-अकोल्याकडील हौशी गटांना येथे घरचा फायदा आहे. उलट प्रमाण भाषेतील नाटक करताना त्यांना हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवावा लागतो. बोलीला केवळ हशा मिळवण्याचे साधन करण्याची सवयही जुनी आहे. त्यामुळे वऱ्हाडी बोलणारे पात्र म्हणजे विनोदी पात्र, असा समज पात्रयोजना करणाऱ्यांच्याही मनात रुजला.

भूमिका चिकटणे

मेळ फार चांगला जुळला तर भूमिका नटाला सोडत नाही. गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’मध्ये कामण्णाची भूमिका करणारे दिनकर ढेरे हे ‘दिनकर कामण्णा’ म्हणूनच ओळखले जाऊ लागले. बालगंधर्वांनी ‘धर्मात्मा’ (१९३५) या चित्रपटात संत एकनाथांची भूमिका केली, पण त्यांना स्त्रीवेषात पाहण्याची सवय झालेल्या प्रेक्षकांच्या मनातून त्यांची नायिका गेली नाही.

या दोन उदाहरणांत नटाचा मान कायम राहिला. नाच्याच्या बाबतीत तसे होत नाही. चित्रपटांत नाच्याची भूमिका वठवणारे गणपत पाटील त्याच प्रकारच्या कामांत अडकून राहिले. आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ या कादंबरीचा विषय हाच आहे: कसलेल्या शरीराच्या, राजा होऊ पाहणाऱ्या गड्याला फड टिकावा म्हणून नाच्या व्हावे लागते, आणि त्याची किंमत त्याला व त्याच्या घराला मोजावी लागते. कथा कोल्हापूरकडची असली तरी तिच्यातील पेच खडीगंमतीच्या फडालाही लागू पडतो. गटाची गरज आणि खेळणाऱ्याची इच्छा विरुद्ध दिशांना ओढू लागली की पात्रयोजना ही कलेची बाब न राहता न्यायाची बाब होते. स्त्रीवेष घेणाऱ्याची टिंगल करणारे गाव त्याच्या नाचाशिवाय खेळ पाहायला तयार नसते, हे येथे विसरता येत नाही.

टेबलावरील भूमिकाखेळ

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत टेबलाभोवती बसून खेळण्याचा भूमिकाखेळ उदयास आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग उभा करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपले पात्र काय करील ते सांगतात. संहिता नसते, प्रेक्षक नसतात, आणि अवघड कृती साधली की नाही हे फाशांवर ठरते. कथेचा सांगाडा ठाऊक आणि बोलणे जागेवर, या अर्थाने तो नाटकापेक्षा वगाच्या जवळ जातो.

मूळ नियमांत तीन फासे टाकून बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळता आणि प्रभाव हे सहा गुण क्रमाने ठरवायचे असत. पात्र जणू नशिबाने पदरात पडे. पार्ट वाटणारा मालक म्हणजे फासा. १९७९ च्या सूत्रधारासाठीच्या नियमग्रंथात चार फासे टाकून सर्वांत लहान आकडा सोडण्याची आणि मिळालेले आकडे हव्या त्या गुणांना देण्याची पद्धत आली. तेव्हापासून आपले पात्र आपणच घडवण्याकडे कल वाढत गेला.

या स्वातंत्र्याने अडचण दुसरीकडे नेली. नाटक मंडळीत सगळ्यांचे पार्ट एकच नाटककार लिहितो, म्हणून ते निदान एका कथेत तरी बसतात. भूमिकाखेळात पाच जण पाच ठिकाणी बसून पाच पात्रे घडवतात. एकाला लढाई हवी असते, दुसऱ्याला कोडी, तिसऱ्याला पात्राचे घरदार आणि दुःख. ग्लेन ब्लॅको यांनी १९८० मधील एका लेखात खेळण्याच्या चार वृत्ती सांगितल्या: सामर्थ्य वाढवण्याची, भूमिका जगण्याची, डावपेचांची आणि कथा रचण्याची. एकाच माणसात त्या कमीअधिक प्रमाणात मिसळलेल्या असतात, म्हणून खेळाडूंवर शिक्के मारण्यासाठी ही विभागणी फारशी उपयोगाची नाही. गटात खटका कोठे उडतो हे समजण्यासाठी ती उपयोगी आहे.

नेहमीचा खटका चोराच्या पात्रावरून उडतो. चोर आपल्याच साथीदारांची थैली मारतो आणि विचारले तर खेळाडू म्हणतो, ‘माझे पात्र असेच वागणार.’ वाक्य खोटे नसते. पण तसे पात्र निवडणारा तोच असतो, आणि ते चौघांच्या संगतीत का राहते याचे उत्तरही त्यानेच द्यायचे असते. खडीगंमतीत कलगीवाला तुरेवाल्याला अडवतो, तेव्हा दोघांनाही तो विरोध आधीपासून मान्य असतो; टेबलावरील चोराच्या बाबतीत ही मान्यता कोणी घेतलेली नसते.

ती घेण्यासाठी अनेक गट पहिल्या खेळाआधी ‘शून्य बैठक’ भरवतात. पात्रे एकत्र बसून घडवली जातात, प्रत्येक पात्राचे दुसऱ्या एखाद्या पात्राशी आधीचे नाते ठरवले जाते, आणि कथेचा सूर हसरा की गंभीर हे बोलून घेतले जाते. कोणते विषय मुळीच नकोत आणि कोणते आडपडद्याने चालतील, हे सांगण्याची ‘रेषा आणि पडदे’ ही पद्धत रॉन एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये मांडली. जॉन स्टाव्रोपूलस यांनी २०१३ मध्ये सुचवलेल्या पद्धतीत टेबलावर फुलीचे एक पत्र ठेवतात. कोणीही त्याला हात लावला की चालू प्रसंग कारण न विचारता वगळायचा. पात्राच्या भावना खेळाडूत आणि खेळाडूच्या पात्रात झिरपतात, हे भूमिकाखेळांच्या अभ्यासकांनी नोंदवलेले आहे. अपमानित, दुबळे किंवा वेगळ्या लिंगाचे पात्र घेणाऱ्याला खेळ संपल्यावर त्याच नावाने हाक मारत राहणे अनेक गटांत म्हणूनच वर्ज्य मानतात. पात्र पटेनासे झाले तर ते मधूनच बदलण्याची मुभाही बहुतेक गट देतात. कथेत ते पात्र दूरदेशी निघून जाते, आणि पुढच्या बैठकीला तोच खेळाडू नव्या नावाने येऊन बसतो.